तेराचा पाढा आणि ढावलो

आमच्या घरात एक कायदा होता. सरकारचा नाही, मास्तरांचा. मास्तर म्हणजे माहा नवरा, रामधन राठोड. जिल्हा परिषदेच्या शाळेवर आयुष्य काढेल माणूस. वाशीमले घर बांधलं, वास्तुशांतीचा नारळ फुटला, आन दुसऱ्याच दिवशी ह्या माणसानं स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं लिहून टाकलं : ‘या घरात फक्त मराठी बोलावे.’ लोक दारावर शुभ-लाभ लिहितात. आमच्या दारावर हे, आन पुसट झालं की परत गिरवेल.

आमी बंजारा. आमची बोली गोरमाटी. मी तांड्यावर जन्मले, तांड्यावर वाढले, आन हसले, रडले, भांडले ते सारं गोरमाटीत. पण या घराचा उंबरा ओलांडला की जीभ चपलेसारखी बाहेर काढून ठेवायची आन मंग आत यायचं.

कायदा म्हटला की शिक्षा आलीच. ज्याच्या तोंडून गोरमाटी शब्द निघंल त्यानं उभं राहून तेराचा पाढा म्हणायचा. पोरं लहान होती, चटकन शिकली, त्याइच्यावर कधी पाळी आली नाही. पाळी यायची माह्यावर. दूध उतू गेल्यावर माणूस काय व्याकरण पाहून ओरडते? मी ‘याडी ये!’ म्हणून ओरडे. याडी म्हणजे आई. की मास्तर ओसरीतून पेपर खाली न घेता म्हणत, “रुखमाबाई, पाढा.” शाळेत मी गेले तिसरीपर्यंत, पण तेराचा पाढा मले झोपेतून उठवून विचारा. वाशीमच्या बाजारात एकही भाजीवाली मले आजवर फसवू शकली नाही, ही त्या कायद्याची मेहरबानी.

मास्तर वाईट हायेत असं समजू नका. पहिलीत असताना त्याइले लघवीले जायचं होतं. मराठीत कसं विचारायचं ते माहीत नाही. गोरमाटीत विचारलं, सारा वर्ग खोखो हसला, आन मंग व्हायचं ते चड्डीतच झालं. माणूस पेन्शनीत आला, पण ते पोरगं अजून त्याच बाकावर ओलं बसेल हाय. “माह्या लेकरांवर ही वेळ येऊ देणार नाही,” असं ते म्हणत. आन नाही आली, खोटं कायले बोलू? उज्ज्वला शिकून कृषी खात्यात लागली. बादल डॉक्टर होयाले रशियाले गेला. कायदा पास, मास्तर पास.

फक्त एवढंच झालं की पोरं मले ‘आई’ म्हणाली. चांगला शब्द हाय, सारं जग म्हणते. पण माह्या पोटच्या पोरांनं मले एकदाही ‘याडी’ म्हटलं नाही, आन माह्या मनात जे सगळ्यात आधी येई ते मी त्याइच्याशी कधीच बोलले नाही. आधी मनात गोरमाटीचं मराठी करायचं, मंग बोलायचं. तोवर पोरं खेळाले निघून गेलेली राहत.

मागल्या वर्षी टीव्हीवर ते भांडण चालू होतं ना, पहिलीपासून हिंदी पाह्यजे का नको? मास्तर टीव्हीसमोर उभे राहून हात वर करून ओरडून राह्यले होते, “लेकराचं पहिलं शिक्षण त्याच्या आईच्याच भाषेत झालं पाह्यजे! आईच्याच!” मी आतून विचारलं, “कोणाच्या आईच्या?” मास्तरांनं आवाज वाढवला. टीव्हीचा.

तर अशात उज्ज्वलाचं लग्न ठरलं. पोरगा आपल्यातलाच, पुण्याले कंपनीत. लग्न मात्र तांड्यावर, अनसिंगच्या पुढं, कारण तिथं आमची बुढी राहते. माही सासू, मोतीबाई. मास्तरांचा कायदा जिच्यावर कधी चालला नाही अशी ती एकटी बाई. “तुह्या घरी मले पाणी मागाले बी परीक्षा द्या लागते,” असं म्हणून ती वाशीमले राह्यले कधी आलीच नाही. बुढीनं निरोप धाडला, “नातीचा ढावलो ऐकल्याशिवाय मी मांडवात पाय ठेवणार नाही.”

ढावलो म्हणजे आमच्या नवरीचं रडणं. पण नुसतं मुळुमुळु रडणं नाही. सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडायचं आन सुरात, बोल लावून रडायचं. आईपाशी आईचा बोल, भावापाशी भावाचा, बापापाशी बापाचा. जन्मभर जे पोटात राह्यलं ते तिथं सांगायचं. आमची पोरगी एरवी गुमान राहील, पण त्या दिवशी तिले कोणी गप कर म्हणत नाही. मी माह्या याडीच्या गळ्यात पडून असं रडले होते की बैल बिचकले होते.

मले या लग्नात दुसरं काही नको होतं. लोकाइले डीजे पाह्यजे होता, मास्तराइले पत्रिकेत शुद्धलेखन पाह्यजे होतं. मले फक्त माह्या पोरीनं माह्या गळ्यात पडून एक खेप आपल्या बोलीत रडावं, बस. ती गेली की मंग कधी रडणार?

मी उज्ज्वलाले सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं आई, मला एक ओळ तरी येते का त्यातली? आणि सगळं व्हिडिओत येणार आहे. तिकडचे लोक हसतील.” एवढी शुद्ध बोलते माही पोरगी, आकाशवाणीवर बसवा पाह्यजे तर.

मास्तरांनं ऐकलं आन म्हणाले, “चिंता करू नका. मी करतो बंदोबस्त.” माणूस खोलीत जाऊन बसला. मले वाटलं, कोण्या म्हाताऱ्या बाईले बोलावून पोरीले शिकवणार. नाव बरं काढलं! मास्तरांनं ढावलो लिहिला. स्वतः. मराठीत. यमक जुळवून. आन पोरीकडून पाठ करून घेतला.

त्यातच बादल आला. आन त्याच्यासंगं एक गोरीपान पोरगी, वेरा नावाची. तांड्यातल्या बायाइचे डोळे हे एवढे झाले. “सून आणली का वं रुखमाबाई?” मी म्हटलं, “वर्गातली मैत्रीण हाय, तिचं लग्न तिकडंच ठरेल हाय.” बायाइची इतकी निराशा झाली की काही जणी चहा न पिताच उठल्या.

तवा मले समजलं की रशियात नुसते रशियन राहत नाहीत. आपल्याकडं कसे जागोजागचे लोक, तसे तिथंही. वेराचे लोक चुवाश. व्होल्गा नावाच्या नदीकाठचे, त्याइची बोली न्यारी, त्याइचं भरतकाम न्यारं. बुढीच्या अंगावरची आरसे लावेल कांचळी पाहून ती पोरगी खालीच बसली आन एकेक टाका पाहू लागली. बुढीले ते फार आवडलं.

मंग सुरू झाली गंमत. बुढी मले गोरमाटीत विचारे. मी बादलले मराठीत सांगे. बादल वेराले रशियनमध्ये. वेराचं उत्तर त्याच रस्त्यानं माघारी. ‘घरी कोण कोण हाय’ एवढं विचारून होईपर्यंत चहावर साय आली. बुढी मले म्हणाली, “हा माहा नातू. बरफातल्या लोकाइची बोली शिकला. आन माह्याशी बोलाले याले मधात माय लागते.”

बादलनं विचारलं, “काय म्हणाली आजी?”

मी म्हटलं, “बारीक झाला म्हणते.”

हळदीच्या दिवशी, ऊन उतरल्यावर, मांडवात बाया जमल्या. उद्या खरा ढावलो, आज सराव, अशी पद्धत हाय. बुढीले मधात खाटेवर बसवलं. उज्ज्वला उभी राह्यली. हात मागं बांधले, मान ताठ, नजर समोर. मास्तर खांबाआड, ओठ हलवून राह्यले. आन माही पोरगी सुरू झाली :

“हे माते, तव छायेमधुनी आज निघाले दूर,
नयनी माझ्या दाटुन आला अश्रूंचा हा पूर!”

आधी बायाइनं एकमेकीकडं पाह्यलं. मंग कोणीतरी फिसकलं. मंग दुसरी. माह्या धाकट्या दिराची, बबलूची बायको मोठ्यानं म्हणाली, “आता लागल्या हाती राष्ट्रगीतही होऊन जाऊ द्या, आमी उभ्या राहतो!” बाया पोट धरून हसल्या. खरं सांगते, मलेही हसू आलं. आई असून हसले.

बुढी हसली नाही. काठी टेकत उठली. “ही शाळेची गॅदरिंग हाय,” ती म्हणाली. “माह्या नातीचा ढावलो जवा होईल तवा मले बोलवा. नाहीतर उद्या मांडव तुमचा तुमाले लखलाभ.” आन खोलीत जाऊन बसली.

उज्ज्वलाचं तोंड एवढंसं झालं. ती मास्तरांकडं वळली. “बाबा, लोक मला हसले.” एवढंच म्हणाली. मास्तर खांबाआडून हललेच नाहीत. हे वाक्य त्याइच्या कुठं जाऊन लागलं ते मले दिसलं, आन माहं हसू तिथंच सुकलं.

बुढीची समजूत काढाले मी आत गेले. मागून उज्ज्वला आली, बादल आला, वेरा आली. मास्तर दारात उभे, आत येत नाही, बाहेर जात नाही. वेरानं बादलले विचारलं की झालं काय. त्यानं सांगितलं. पोरगी ऐकता ऐकताच म्हणाली, आमच्यातही नवरी रडते. सुरात. आमच्या बोलीत.

मी सांगितलं तशी बुढीनं मान वर केली. “विचार तिले, तिले येते का?”

नाही येत, वेरा म्हणाली. तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात कोणीच रडलं नाही. गाणी वाजली, नाच झाला. तिची आजी कोपऱ्यात चांगलं लुगडं-बिगडं घालून बसली होती आन येईल त्याले विचारत होती, नवरी कवा रडणार? आजीले ते लोक कुकामाय म्हणतात.

दारातून मास्तर म्हणाले, “काहून रे? त्यांच्या सरकारनं बंदी घातली का भाषेवर?” मास्तराइले कायद्याचं फार.

बादलनं विचारून सांगितलं. “बंदी नाही, बाबा. आधी शाळेत चुवाश सगळ्यांना शिकवायचे, पण नावापुरतं. मग कायदा बदलला. ज्याला आपली भाषा शिकायची त्याच्या आईवडिलांनी तसा अर्ज लिहून द्यायचा. हिच्या आईनं दिला नाही. परीक्षा रशियनमध्ये, कॉलेज रशियनमध्ये, नोकरी रशियनमध्ये. मग चुवाश कशाला, म्हणाली. घरात तर आधीपासून रशियनच बोलायची हिच्याशी.”

“म्हणजे जबरदस्ती कोणी केली नाही,” मास्तर म्हणाले.

“नाही. वेरा म्हणते, आईनं मायेपोटी केलं.”

मी मास्तरांकडं पाह्यलं. मास्तर चष्मा पुसू लागले.

मंग वेरा आपणहून बोलू लागली, हळूहळू, बुढीकडं पाहत, आन बादल मराठीत सांगत गेला. मागल्या हिवाळ्यात कुकामाय आजारी पडली. रशियन ती मोठेपणी शिकली होती, ती शेवटी शेवटी पार विसरून गेली. आपलीच बोली तेवढी राह्यली. आई कामावर, वेरा एकटीच उशाशी बसून होती. डॉक्टर होणारी पोरगी. म्हातारी काहीतरी मागत होती, एकच वाक्य, घडीघडी. हिनं नाडी पाह्यली. पाणी दिलं. गोळी दिली. पांघरूण घातलं. म्हातारी मान हलवून परत तेच म्हणे. मंग म्हणायची थांबली.

शेजारीण आली तवर सारं आटोपेल होतं. वेरानं ते वाक्य जसं कानावर पडलं तसं तिच्यापुढं म्हणून दाखवलं आन विचारलं, याचा अर्थ काय?

“च्युरेजेने उश,” वेरा म्हणाली. ते बादलनं खाली पाहत मराठीत आणलं. “खिडकी उघड.”

आता ते पुढं बुढीले सांगायचं होतं मले. बादलकडून माह्यापर्यंत आलं आन माह्यापाशी थांबलं. उज्ज्वला माह्याकडं पाहून राह्यली होती. आजीशी बोलाले मधात माय लागते, आन माय काय जन्माले पुरते? मी कसंबसं गोरमाटीत सांगितलं.

बुढी काठी न घेता उठली, खिडकीपाशी गेली, कडी काढली आन दोन्ही फळ्या उघडल्या. माघाची थंडी आत आली. कोणीही बंद कर म्हटलं नाही. मी वळून पाह्यलं तर दारात मास्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. बुढी खोलीतच, दार अर्धं उघडं. जेवणं झाली, निघायची वेळ आली. आमच्यात नवरीले बैलापाशी उभं करून निरोप देतात. आता बैल कोणापाशी हायेत? बबलूनं कुठून तरी एक मागून आणला होता, शिंगाले गोंडे बांधून. डीजे बंद केला. उज्ज्वला माह्याकडं आली.

मी मनाले सांगून ठेवलं होतं, रुखमे, काही मागू नको. ‘आई’ म्हणून रडली तरी लेकच हाय. ती गळ्यात पडली. आन माह्या कानापाशी म्हणाली, “याडी ये…”

बापा! सूर वाकडातिकडा, पण ढावल्याचाच. मी घट्ट धरलं तिले. ती परत म्हणाली, “याडी ये…” आन थांबली. पुढचं येतच नव्हतं तिले. येणार कुठून? सारा मांडव वाट पाहत होता. शूटिंगवाला म्हणे, “मॅडम, जरा इकडं बघून.” माही पोरगी हुंदक्यात अडकली. तिचं रडणं तोंडाशी येऊन उभं होतं आन त्याले शब्द नव्हते.

तवा मागून आवाज आला. बाईचा नाही, माणसाचा. घोगरा, बेसूर.

“तोन छोडन म कत जाऊं, याडी ये…”

तुले सोडून मी कुठं जाऊ. मी वळले. मास्तर! आमच्यात माणसं ढावलो म्हणत नाहीत. कोणीच म्हणत नाही. पण त्याइच्या तीन बहिणी रडत गेल्या होत्या याच अंगणातून, आन हा भाऊ खांबाआड लपून ऐकत होता. सारं पाठ! कायदा करणाऱ्याले सारं पाठ होतं!

उज्ज्वलानं ती ओळ म्हटली. मास्तरांनं पुढची सांगितली. तिनं म्हटली. मास्तर सांगून राह्यले, लेक म्हणून राह्यली, वर्गात चालते तसं. फक्त मास्तराइचा चष्मा भिजून गेला होता आन तो पुसायची त्याइले शुद्ध नव्हती. बबलूच्या बायकोनं तोंडात पदर कोंबला होता. हसाले नव्हे.

माही पाळी झाली. भावाची झाली. बादलले बहिणीचा एक शब्द समजत नव्हता, नुसता रडत उभा होता, आन वेरा त्याच्या बाजूले. मंग उज्ज्वला बापापुढं आली, त्याच्या गळ्यात पडली आन थांबली. बापाचा बोल बापच कसा सांगणार?

खोलीचं दार करकरलं. बुढी बाहेर आली. काठी टेकत मांडवात आली, लेकापाशी उभी राह्यली आन खणखणीत आवाजात तिनं बापाचा बोल धरला. त्याचा अर्थ असा : बापा, तुह्या घरात माहा शब्द किती दिवसाचा होता.

हा बोल जुनाच हाय. आमची हरेक पोरगी हेच म्हणत गेली. पण त्या दिवशी तो ऐकून मी मास्तरांकडं वळले. उज्ज्वलानं तो म्हटला, एकेक शब्द करून, बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून. अर्थ तिले समजला का मले माहीत नाही. मास्तराइले समजला. माणूस असा रडला की वरातीतले लोक विचारू लागले, नवरी कोणती?

आठवडाभरानं आमी दोघंच वाशीमच्या घरी. बादल आन वेरा परत गेले होते. मी दूध गॅसवर ठेवलं. ओसरीतून मास्तर म्हणाले, “चा कर.” पण गोरमाटीत म्हणाले. पेपर वाचता वाचता, त्याइच्याही ध्यानात आलं नाही.

मी दारात जाऊन उभी राह्यले. कमरेवर हात ठेवले. “मास्तर,” मी म्हटलं, “पाढा.”

त्याइनं माह्याकडं पाह्यलं. दारावरच्या खडूकडं पाह्यलं. पेपर घडी केला, उभे राह्यले आन शहाण्या पोरासारखे सुरू झाले, “तेरा एके तेरा, तेर दुणे सव्वीस…” मी सोडते काय? इतक्या वर्षाचं उट्टं! तेर साती एक्क्याण्णवपर्यंत आले तवा फोन वाजला. पुण्याहून उज्ज्वला.

“याडी,” ती म्हणाली, “रोटी खादी?”

जेवली का. उच्चार असे की तांड्यावरची कुत्री भुंकली असती. कोणाले विचारून पाठ केलं होतं देव जाणे. मी फोन स्पीकरवर टाकला. मास्तर मागून ओरडले, “नीट म्हणाले सांग तिले! परत म्हण म्हणा!” मास्तर ते मास्तरच.

तिनं परत म्हटलं. तेवढ्यात तिकडं दूध उतू गेलं आन मी सवयीनं ओरडले, “याडी ये!”

“काय झालं, याडी?” फोनमधून माह्या पोरीनं विचारलं.

मास्तर पाढा अर्धाच टाकून गॅस बंद कराले पळाले.